मालकी रान, ठेकेदाराची डायरी आणि आपली सभा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बँकेतून निवृत्त होऊन तुम्ही राजापूर तालुक्यात गावी परत आलात. आसपासच्या चार-पाच गावांत लोकांची मालकी रानं आहेत. दर आठ-दहा वर्षांनी ती ठेकेदाराला उक्ती, म्हणजे न मोजता एकरकमी भावात, जातात, करवत लागते आणि डोंगर बोडका होतो. तुम्ही मित्रांनी मिळून दोन सभा घेतल्या, पत्रकं वाटली, वनखात्यातले एक निवृत्त अधिकारी बोलावले. चाळीसेक माणसं आली, टाळ्या पडल्या. आणि त्याच हंगामात पुढच्या रांगेत बसलेल्यांपैकी दोघांनी आपलं रान विकलं. तुम्ही विचारता, ‘जंगलाचं महत्त्व लोकांपर्यंत पोचवण्यात आमचं कुठे चुकलं?’

महत्त्व पोचवण्यात काहीच चुकलं नाही, कारण ते त्यांच्याकडे आधीच होतं. ज्या माणसाने लहानपणी त्या रानातून कवळ (झाडांच्या पाल्याच्या फांद्या) तोडून आणलं, भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) केली, करवंदं-जांभळं खाल्ली, त्याला जंगल म्हणजे काय हे आपण सभेत सांगायला जाणं जरा विनोदीच आहे. खरा प्रश्न असा आहे: पैशांची गरज ज्या आठवड्यात येते, त्या आठवड्यात त्याच्या पडवीत कोण बसलेलं असतं? तुम्ही नसता. मीही पहिली सहा-सात वर्षं नसायचो. ठेकेदार असतो.

मी गेली बावीस वर्षं संगमेश्वर, लांजा, राजापूर या पट्ट्यात रानमालकांबरोबर काम करतोय. आमच्या भागात सगळ्यात यशस्वी लोकसंपर्क कोणाचा, तर लाकडाच्या ठेकेदाराचा. हे मी उपहासाने म्हणत नाही, त्याच्याकडून शिकलोय. एकाबरोबर चहा घेताना त्याची डायरी उघडी राहिली होती. वाडीवार नावं, आणि नावापुढे झाडं नव्हती, कारणं होती: ‘मुलीचं लग्न, मे’, ‘घर कौलारू, स्लॅब घालायचा’, ‘वडील कोल्हापूरला ॲडमिट’. तो संध्याकाळी येतो, गुरांची चौकशी करतो, विसार (आगाऊ रक्कम) म्हणून काही नोटा ठेवून जातो. कागद तो करतो, मजूर तो आणतो, गाडीची वाट तो पाडतो. सातबारावर सात नावं असतील तर सह्यांसाठी नालासोपाऱ्यापर्यंत तोच जातो. आणि आपण? वर्षातून एकदा प्रोजेक्टर घेऊन शाळेत. पत्रकावर वाघ होता ना तुमच्या? माझ्या पहिल्या पत्रकावरही होता. उरलेला गठ्ठा पुढे काजूच्या बिया सुकवायला अंथरला.

तेव्हा पहिला बदल हा करा: सभा बंद करा, निदान दोन वर्षं. घरोघरी जा आणि विषय झाडांवरून सुरू करू नका, व्यवहारावरून करा. मात्र जाण्याआधी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. तुमच्या गावांत त्या कशा आहेत यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पहिली, सातबारा. कोकणातल्या रानाचा खरा मालक बहुतेक वेळा एक माणूस नसतोच. आजोबांच्या नावावरची वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन, वारस लागत लागत नऊ-दहा नावं झालेली, वाटप कधी झालंच नाही. गावात राहतो तो एकटा थोरला भाऊ, बाकीचे चाकरमानी. तुम्ही गावातल्या भावाशी बोलता, तो मान डोलावतो, तुम्हाला वाटतं ठरलं. माझी मोठी फजिती अशीच झाली. एका वाडीत अकरा एकरांचं सुरेख रान, ऐन, किंजळ, मधे बेहड्याची जुनी झाडं. थोरल्या भावाशी तीन वर्षं माझं येणं-जाणं. वहिनींच्या हातची भाकरी खाल्लेली. त्याने शब्द दिला होता, कागदही केला होता, त्यावर त्याची सही. दिवाळीनंतर गेलो तर पऱ्याच्या (ओढ्याच्या) अलीकडे करवतीचा आवाज. मुंबईच्या धाकट्या दोघांनी विकलं होतं. थोरला ओट्यावर बसून होता, म्हणाला, ‘ते बोलले, तू कोण ठरवणार? आमचा हिस्सा नाय काय? मग मीपण केली सही. नायतर माझे पैसे पण गेले असते.’ त्याच्यावर मला रागावता येईना. एकट्याने राखून ठेवलेलं सामाईक रान म्हणजे दुसऱ्याच्या खिशात टाकलेले पैसे. तेव्हापासून आमचा नियम आहे: सातबारावरच्या सगळ्या नावांशी बोलणं झाल्याशिवाय आनंद मानायचा नाही.

म्हणूनच आमच्या कामाचं कॅलेंडर पर्यावरण दिनावर चालत नाही. ५ जूनला गावात कोणाला वेळ नसतो, पेरणीची धांदल असते. आमचे दिवस म्हणजे गणपतीचे पाच-सात दिवस, शिमग्याची पालखी आणि मे महिना, कारण भावकी तेव्हाच एका छपराखाली असते. गणपतीत आरतीनंतर पाऊण तास मिळतो. त्यात भाषण करायचं नाही. सातबारा आणि गटाचा नकाशा जमिनीवर पसरायचा. मुंबईच्या पुतण्याला आपलं रान कुठून कुठवर आहे हे बहुधा ठाऊक नसतं. नकाशावर बोट ठेवलं की तो बोलायला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘चल, दाखवतो’ म्हणून त्याला रानात न्यायचं. पावसाळ्यातल्या जळवा लागतात, पण तेही बरं. गोष्ट लक्षात राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे भीती. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना ही दिसत नाही, आणि नकळत आपणच ती वाढवतो. कोकणातल्या रानमालकाची आठवण लांब आहे. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला आणि कित्येकांची रानं कागदोपत्री सरकारजमा झाली. ज्यांची धारणा १२ हेक्टरांच्या आत होती, त्यांना कलम २२-अ खाली जमीन परत मिळण्याची तरतूद पुढे आली. पण सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातली नोंद काढताना माणसं म्हातारी झाली. मग १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, ‘वन’ म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते. मग पश्चिम घाटावरचा २०११ चा गाडगीळ समितीचा अहवाल, २०१३ चा कस्तुरीरंगन समितीचा, आणि त्यानंतर संवेदनशील गावांच्या याद्यांचे मसुद्यांवर मसुदे. पारावर यातून एकच अर्थ निघाला: ‘रान राखलं की रान जातं. दाट दिसलं की सरकार येतं. त्याआधी मोकळं करा.’ हा अर्थ चुकीचा असेल, पण तो वेडेपणाचा नाही. या माणसासमोर वनखात्याचा माणूस, मग तो निवृत्त का असेना, व्यासपीठावर बसवणं म्हणजे काय होतं याचा विचार करा. तुमच्या पुढच्या रांगेतल्या त्या दोघांनी सभा ऐकून घाई केली असेल, अशी मला शंका आहे. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. माझ्या सभांनीही हे केलेलं आहे.

भीतीवर उपदेशाचा उपयोग होत नाही, कागदाचा होतो. प्रत्येक मालकाचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. ‘इतर हक्का’त खाजगी वनाची किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ ची नोंद आहे का बघा. असेल तर थांबा, आधी जाणकार वकील गाठा. तिथे तोडीचाच काय, तुमच्या निवडक तोडीचा सल्लाही अंगाशी येईल. नोंद नसेल तर तेही मालकाला स्वच्छ शब्दांत सांगा, कारण कित्येकांना हेच माहीत नसतं की आपली जमीन या भानगडीत नाही. मग महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही आपली ओळखीची झाडं आहेत. ती मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दक्षिणेला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर बंदी घातलेली आहे, तिथे हे उत्तर वाचून कोणी कामाला लागू नये. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी विचारूनच पुढे जा. एक मात्र करा: परवानगीचा अर्ज कसा भरायचा हे तुमच्या गटातल्या दोघांनी शिकून घ्या. तुम्ही बँकेतले, कागदाला घाबरणार नाही. ज्या दिवशी गावाला कळेल की कागदाचं काम तुम्हीही करून देता, त्या दिवशी ठेकेदाराच्या हातातला अर्धा पत्ता गेला.

तिसरी गोष्ट गरजेची वेळ. रान हे कोकणातल्या माणसाचं मुदत ठेवीचं खातं आहे. तुम्हाला हे जास्त कळेल. फरक एवढाच की या ठेवीवर कर्ज मिळत नाही, मुदतीआधी काढली तर सगळीच मोडावी लागते, आणि व्याजदर ठेकेदार सांगतो. आपलं काम इतकंच की ही ठेव थोडी थोडी मोडता यावी.

आता रानात काय करायचं ते. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणूस इथेच वळतो.

एक जाड दोरी घ्या, वीस मीटरवर गाठ मारलेली, आणि शिंप्याचा टेप. मालकाला बरोबर घ्या, त्याच्या रानातला सरासरी वाटेल असा तुकडा त्यालाच निवडू द्या. वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखा. हे झाले जवळजवळ चार गुंठे, म्हणजे जे निघेल त्याला दहाने गुणलं की एकराचा हिशेब. मग छातीच्या उंचीवर, साधारण साडेचार फुटांवर, प्रत्येक खोडाचा घेर मोजायचा. घेर मालकाने मोजायचा, लिहायचं आपण. आणि मोजण्याआधी त्याला अंदाज विचारून वहीत लिहून ठेवायचा. लांज्याकडच्या एका आबांनी ‘असतील पंधरा-वीस’ सांगितलं होतं. निघाली एकसष्ट. त्यांतली चाळीसेक मनगटाएवढी, पंधरा मांडीएवढी आणि सहा अशी की टेप पुरेना. आबा गप्प झाले. मग त्या सहातल्या एका शिवणीला हात लावून म्हणाले, ‘म्हणजे ह्यो पण त्या उक्त्यात जातो?’ जातो. उक्त्या व्यवहारात शिवण, असाणा, किंजळीचं सरळ खोड हे सगळं मनगटाएवढ्या फाट्यांच्या भावात जातं. ते पुढे कुठे इमारती लाकूड म्हणून विकलं जातं हे मालकाला दिसतच नाही. आबांच्या पंचवीस वर्षांच्या झाडाला सरपणाचा भाव. सभेत मी हे पन्नास वेळा सांगितलं असेल. तेव्हा कोणी हललं नव्हतं.

मोजणी झाली की तीन रस्ते उघडतात आणि ते मालकाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. पहिला, निवडक तोड. लग्नाला पैसे हवेत ना, मग अख्खं रान कशाला? परवानगी काढून मोजकी मोठी खोडं, मोजून, मापून विका. दुसरा, वजनावर व्यवहार. सरपणच द्यायचं असेल तर उक्तं न देता टनावर द्या, आणि प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती मालकाच्या हातात आली पाहिजे. ठेकेदार कुरकुरतात, पण सगळे नाही. काहींना उक्त्यात आपलाही अंदाज फसतो याचा अनुभव असतो. ठेकेदाराला शत्रू ठरवू नका. आमच्याकडे दोघे असे आहेत की जे आता आमच्या आखणीप्रमाणे तोड करतात, कारण त्यांना भांडणाशिवाय दर वर्षी माल मिळतो.

तिसरा रस्ता कप्प्यांचा. समजा आठ एकर रान आहे. चार कप्पे पाडा, दोन-दोन एकरांचे. दर दोन वर्षांनी एकच कप्पा तोडायचा. चौथ्यानंतर पुन्हा पहिल्याची पाळी येते तेव्हा तो आठ वर्षांचा झालेला असतो, आणि डोंगर कधीच पूर्ण उघडा पडत नाही. जमलं तर हाच फेरा पुढे बारा-सोळा वर्षांवर न्यायचा, म्हणजे फाट्यांऐवजी वासे मिळतात. कागदावर हे फार छान दिसतं. खरी अडचण अशी की दोन एकरांसाठी ठेकेदार येत नाही. वाट पाडायची, मजुरांच्या झोपड्या उभारायच्या, ते परवडायला माल लागतो. इथे तुमच्या ‘लोकसंपर्का’ला अर्थ येतो. एकटा मालक कप्पे पाळू शकत नाही, पण लागून असलेले चार-पाच मालक एकाच वर्षी आपला एकेक कप्पा देऊ शकतात. मग गाडी भरते, आणि भाव ठरवताना समोर एक गरजू माणूस नसतो, पाच असतात. आमच्याकडे हे पहिल्यांदा जमायला चार वर्षं लागली. दोन घरांत बांधावरून वीस वर्षांचा अबोला होता. तो मी सोडवला नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वर्गणीत तो आपोआप सुटला आणि मग आमचा कप्पाही जमला. तुमच्या गावांत असा अबोला कुठे आहे हे नकाशावर नोंदवून ठेवा. झाडांच्या जातींइतकाच तो उपयोगी तपशील आहे.

तोडताना काय सोडायचं यावर मी फार ताणत नाही, दोनच गोष्टींवर हट्ट धरतो. पऱ्याच्या दोन्ही काठांची झाडं, आणि उभ्या उताराचा भाग. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, जिल्ह्यात दरडी कोसळल्या. त्यानंतर या दोन गोष्टी पटवायला मला शब्द खर्चावे लागलेले नाहीत. तिसरी गोष्ट विनंती म्हणून करतो: आईझाडं (बी धरणारी मोठी झाडं) राखा, एकरी दहा-बारा, वेगवेगळ्या जातींची. जुना पोकळीचा बेहडा तर राखाच. त्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, आणि सरपण म्हणून त्या पोकळ खोडाला तसाही भाव नसतो.

तोडीनंतरचं काम कोणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं खुंटातून फुटतात. खुंट जमिनीलगत, किंचित उतरता कापला तर पाणी साचत नाही आणि फुटवे मुळाजवळून जोमाने येतात. कमरेएवढा उंच आणि चिरफाळलेला ठेवला तर फुटवे वरून येतात, वाऱ्याने मोडतात. एका खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांतले दोन-तीन सरळ, जोमदार ठेवून बाकीचे कोयत्याने काढायचे. काढलेले शेतीला कवळ, चुलीला फाटी. एवढ्याने उरलेले फुटवे लवकर जाड होतात. घरच्या माणसांनी केलं तर याला खर्च नाही. अट एकच, पहिली दोन वर्षं गुरं-शेळ्या आणि वणवा यांपासून जपायचं.

वणव्यावरून आठवलं. तुम्हाला गावात पहिलं सामायिक काम कोणतं घ्यावं हे सुचत नसेल तर जाळपट्टा घ्या. सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) गवत वाळलं की फेब्रुवारीपासून आगी लागतात. कोणी विडी टाकतो, कोणी मुद्दाम लावतो. जानेवारीअखेर रानाच्या आणि काजू-आंब्याच्या बागांच्या कडेने दहा-पंधरा फुटांचा पट्टा साफ करून ठेवायचा. रान ज्याला नको तोही बाग जळू नये म्हणून येतो. एका दिवसाचं काम, दुपारी एकत्र जेवण, कोणाच्या जमिनीच्या हक्काला हात नाही. आमच्या ज्या वाड्यांत पुढे कप्पे जमले, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी सुरुवात याच दिवसाने झाली होती.

बागांचा विषय निघालाच आहे तर तेही. काही जण रान विकून थांबत नाहीत, जेसीबी लावून खुंटसुद्धा उपटतात आणि काजू लावतात. १९९० साली रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आल्यापासून हे कोकणाचं स्वप्न आहे आणि पुष्कळांचं त्याने भलंही झालं. मी काजूला विरोध करत नाही. विरोध केला की दारं बंद होतात. ‘पऱ्या आणि उभा उतार सोडून लाव’ एवढंच म्हणतो, आणि खड्डे काढा, सगळी जमीन खरवडू नका.

इतर उत्पन्नाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. थोडक्यात सांगतो. बांबू चांगला, आपल्याकडचा माणगा भरीव, बिनकाट्याचा, बांधावर बसतो, चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठी देतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीने बांबू कायद्याच्या दृष्टीने ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे मालकी जमिनीतला तोडायला-न्यायला सोपा. पण तो बांधावर, पडीक जागेत लावा; उभं रान तोडून लावण्यात अर्थ नाही. रातांबे आहेत तिथे कोकम. बेहडा-हिरड्याच्या फळांना औषधी बाजार आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर तालुक्यात रानमालकांशी संवर्धनाचे करार केले आणि बेहड्याच्या गोळा करण्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा केल्याची खूण) मिळवून दिलं, ते काम जाऊन बघण्यासारखं आहे. पण एक ध्यानात ठेवा: फळांचा पैसा दर वर्षी थोडा थोडा येतो, लग्नाचा खर्च एकदम येतो. दोन्ही एकमेकांची जागा घेत नाहीत. म्हणून आम्ही दोन वाड्यांत महिला बचत गटाला धरून आडवेळेची उचल ठेवली आहे. रक्कम लहान असते, पण ‘शिमग्यापर्यंत थांब’ एवढं म्हणायला पुरते. घाईत विकलेलं रान आणि चार महिने थांबून विकलेलं रान यांच्या भावात काय फरक पडतो ते सांगायला नको.

कार्बन क्रेडिटवाले, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनचे पैसे देऊ म्हणणारे, हल्ली फिरतात. मी गावात तो शब्द सध्या काढत नाही. वीस-तीस वर्षांचा इंग्रजी करार, सातबारावर नऊ नावं आणि पैसे कधी येणार याचं उत्तर नाही. आधी आपलं रान आपल्याला मोजता आलं पाहिजे.

बचत गटाचं नाव घेतलं तर बायकांबद्दल लिहायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात त्या कुठेच नाहीत. चाळीसांत किती बायका होत्या? रान विकायच्या कागदावर त्यांची सही बहुधा नसते, असली तरी नावापुरती. पण तोड झाली की फाटी आणायला दोन डोंगर पलीकडे त्याच जातात. एका वाडीत आम्ही बायकांना विचारलं, झरा कधी आटतो. काकी म्हणाल्या, ‘आदी शिमग्यानंतर पन पानी असायचा, वरचा रान गेला तसा माघातच हंडा बुडत नाय.’ प्रत्येक झऱ्याचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. ते खडकावर, उतारावर, त्या वर्षीच्या पावसावर अवलंबून असतं. पण वरचं रान ज्यांचं होतं, त्यांच्याच घरातल्या त्या काकी होत्या आणि ते बोलणं पुरुषांनी ऐकलं. त्यानंतर झऱ्यावरचा तुकडा विकायचा नाही हे त्या घरानेच ठरवलं. माझ्याकडून ते ऐकलं असतं तर ‘हो, हो’ म्हणून चहा दिला असता.

आतापर्यंतचं एका दमात: सभेऐवजी पडवी, गणपती आणि शिमगा, सगळ्या नावांचा सातबारा, भीतीवर कागद, मग दोरी आणि टेप, मग शेजाऱ्यांचे कप्पे. पहिल्या वर्षी पाच घरांहून जास्त धरू नका. आम्ही एकदा एका वर्षात चाळीस घरांची यादी केली होती आणि एकाही घरी दुसऱ्यांदा गेलो नाही.

आता तुमच्या हातात काय आहे? ज्या दोघांनी रान विकलं, त्यांच्याकडे तुम्ही तेव्हापासून गेला नसाल. ते तुमची नजर चुकवत असतील, आणि तुम्हीही. पहिल्यांदा त्यांच्याकडेच जा. सभेचा विषय काढू नका. त्यांच्या खुंटांना पहिल्या पावसात फुटवे आले असतील आणि पुढच्या वर्षी त्यांतले कोणते ठेवायचे हे ठरवायची वेळ येईल. त्याआधी शेळ्या आत शिरू नयेत म्हणून त्यांना वई (कुंपण) घालावी लागेल, आणि काटेरी फांद्या ओढायला दोन जास्तीचे हात कोणालाही हवेच असतात. कोयता घेऊन जा. टेप खिशात असू दे, पण त्या दिवशी तो काढू नका.